जोडीचा रकाना

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मी शिवणकाम करणारी बाई. दिवसभर शाळेचे गणवेश शिवते. मला गोष्टी रचायला वेळ नाही आणि तेवढी अक्कलही नाही. हे घडलं ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या बाबतीत, गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी अडीच ते सव्वातीनच्या दरम्यान.

हो, दुपारी. लख्ख उजेडात.

भुतांना अंधारच लागतो, हे कुणी सांगून ठेवलंय कोण जाणे.

आणि हो, यात एका मुलाचं नाव येतं. ते मी लिहिणार नाही. तुम्हीही विचारू नका. का, ते वाचलंत की कळेल.

भाचीला आम्ही घरात खार म्हणतो. एका जागी बसणं तिला ठाऊक नाही आणि सतत काहीतरी कुरतडत असते. पेन्सिल, बिस्किट, नाहीतर स्वतःची नखं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाआधी तिला आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. बॅटऱ्यांसाठी नवनवीन पदार्थ बनवणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथं. प्रयोगशाळा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. मी एकटीच असते. चौथा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी.

काम काय? तर मनगटी घड्याळात बसतो तेवढा बटणासारखा सेल बनवायचा, त्यात नवा पदार्थ घालायचा आणि तो किती वेळा चार्ज होतो ते बघायचं. ऐकायला सोपं. पण सात आठवड्यांत तिनं तीस सेल केले आणि तीसच्या तीस मेले. तिथं असंच म्हणतात, सेल मेला. घरी येऊन ती बूट काढायच्या आधी सांगायची, "मावशी, आजही दोन मेले."

मंगळवारी तिला सगळ्यांसमोर उभं राहून निकाल दाखवायचा होता. निकाल चांगला आला तर तिथल्या मुख्य बाई, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र देणार होत्या. नाही आला तर हात हलवत घरी. त्या पत्रावर पोरीचं सगळं पुढचं अडलं होतं.

आता थोडं त्या खोलीबद्दल. मला समजलं तेवढं सांगते.

सेलमधला धातू हवेत खराब होतो, म्हणून ते काम एका बंद पोलादी पेटीत करतात. पेटीला समोरून काच. आत हवा नाही, आर्गॉन नावाचा वायू भरलेला. त्या वायूला वास नाही, रंग नाही. खोलीत गळला तर श्वासाच्या हवेची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही. उभ्या उभ्या कोसळतो. काचेत रबरी हातमोजे बसवलेले असतात, काळे, खांद्यापर्यंत लांब. त्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. पेटीसमोर दोन जोड्या शेजारी शेजारी. कुणी हात घातलेले नसले की आतल्या दाबानं ते हातमोजे बाहेर फुगून येतात. खोलीत पाऊल टाकलं की चार काळे हात तुमच्याकडे ताठ पुढे केलेले.

खार म्हणायची, "पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला, मावशी." तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

त्या खोलीचा एक कडक नियम. एकट्यानं काम करायचं नाही. हात खांद्यापर्यंत आत अडकलेले, पाठ खोलीकडे, मागं काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून जोडीदार लागतो. जोडीदारानं मागं स्टुलावर बसायचं आणि दर दहा मिनिटांनी विचारायचं, "आहेस ना?"

काम करणाऱ्यानं म्हणायचं, "आहे."

उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदाही नाही आलं तर पुढं विचारायचं नाही. काखेत हात घालायचे, मागं ओढायचं आणि ओढत ओढत मोकळ्या हवेत न्यायचं.

दाराशी दोरीला बांधलेलं एक जाडजूड रजिस्टर. काम कोण करतंय, जोडीला कोण आहे, दोघं आत कधी आले, बाहेर कधी गेले, सगळ्याचे रकाने. लॅबकाका म्हणून तिथले एक जुने मदतनीस आहेत, ते दर सोमवारी रजिस्टर तपासतात. जोडीचा रकाना रिकामा दिसला की त्या मुलाचं कार्ड आठवडाभर बंद. मग दार उघडत नाही.

खारची जोडीदार म्हणजे तिथं पीएच.डी. करणारी एक मुलगी. तीच हिला शिकवायची. खार तिला ताई म्हणते, मीही ताईच म्हणते. शांत मुलगी. फारशी हसत नाही, पण हिला एकदाही आवाज चढवून बोलली नाही.

शनिवारी ताईला ताप भरला.

तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "एकटी जायचं नाही. सेल गेले खड्ड्यात. मॅडमशी मी बोलते."

"हो ताई," म्हणाली आमची शहाणी.

आणि रविवारी जेवून मला म्हणाली, "ताई येतेय, मी जाऊन येते." अशी थाप मारून गेली. कारण सेलमध्ये घालायच्या नव्या पदार्थाच्या, शनिवारपासून भट्टीत सुकत ठेवलेल्या चकत्या तयार होत्या, आणि रविवारी सेल बनला तरच मंगळवारपर्यंत निकाल हातात येणार होता. घाई माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही.

इमारतीत चिटपाखरू नव्हतं. कार्ड लावलं, दार उघडलं. रजिस्टर समोर.

स्वतःचं नाव लिहिलं. जोडीच्या रकान्याशी पेन थांबलं.

ताईचं नाव टाकलं तर ताई तापानं घरी आहे हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या कुणाचं टाकलं तर काका त्याला विचारणार. मग हिला सुचलं नको ते शहाणपण. तिनं रजिस्टर मागं चाळलं. खूप मागं. पानं पिवळी पडली होती तिथपर्यंत. इथं दरवर्षी मुलं येतात, जातात, कोण कुणाला लक्षात ठेवतंय? काका नुसते रकाने भरलेत का बघतात.

एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं. गोल, देखणं अक्षर.

तिनं ते उतरवलं. जोडीच्या रकान्यात. वेळ टाकली, अडीच.

आणि आत गेली.

तिथली एक गोष्ट तिनं मला फार नंतर सांगितली. आत शिरताना तिनं सवयीनं दार मागं धरून ठेवलं होतं. मागून कुणी येत असलं की आपण धरतो ना, तसं.

हात मोज्यांत घातले. काम सुरू झालं. पंपाची घरघर चालू होती. एक सेल झाला. दाबून छान बंद झाला. दुसऱ्याची चकती तिनं चिमट्यात धरली.

मागून आवाज आला...

"आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली आणि चकती जागेवर ठेवली.

ठेवली आणि मग तिचा हात थांबला.

मागं कुणी नव्हतं. असणार कुठून?

मान वळवून बघायचं म्हटलं तर खांदे अडकलेले. समोरच्या काचेत तिनं पाहिलं. काचेत तिचा चेहरा. छताचा दिवा. मागचं स्टूल.

स्टूल रिकामं होतं.

तिनं स्वतःची समजूत घातली. रोज ऐकून ऐकून कानात बसलंय, दुसरं काही नाही. धातू उघडा पडला होता, तो सोडून निघाली असती तर सगळं वाया. तिनं पुढचं काम घेतलं. सेलचं झाकण चिमट्यातून सुटलं आणि गडगडत पेटीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. तिचा हात पोचेना.

तेवढ्यात...

पंप बंद पडला.

इतकी शांतता तिनं त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. स्वतःचा श्वास तेवढा.

एकच श्वास आहे ना, हे ती कान देऊन ऐकत राहिली.

आणि मग शेजारचे हातमोजे...

फुगून बाहेर आलेले ते दोन काळे हात हळूहळू सैल पडले. चुरगळले. मग कुणीतरी हात घालावेत तसे काचेतून आत गेले. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. बोटं एक एक करून भरली. करंगळी सगळ्यात शेवटी.

मोज्यांच्या मागं, तिच्या शेजारी, कुणीच नव्हतं.

त्यातला एक हात पेटीच्या कोपऱ्यात गेला. झाकण उचललं. आणि सावकाश, एका बोटानं, तिच्या चिमट्यापाशी सरकवलं.

तिची दातखीळ बसली. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना. हात ओढावेत तर घामानं रबर चिकटलेलं.

"आहेस ना?"

या वेळी मागून नाही. अगदी कानाशी.

तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आहेस ना?"

तिला नियम पाठ होता. दुसऱ्यांदा उत्तर नाही आलं की पुढं काय करतात ते तिला पाठ होतं. आणि तेवढ्यात तिच्या काखेत काहीतरी शिरलं... गार. रबरासारखं. खांदे मागं खेचले गेले.

"आहे! आहे! आहे!"

पकड सुटली.

तिनं हात कसे काढले, दार कसं गाठलं, तिचं तिला आठवत नाही. एवढं आठवतं की दाराशी थांबून तिनं रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली. आधी काहीतरी चुकीचं लिहून खोडलं आणि मग सव्वातीन लिहिलं. जिवावर बेतलंय आणि ही रकाना भरतेय! सवय माणसाला सोडत नाही बघा.

पण तिनं स्वतःचीच वेळ लिहिली. जोडीदाराची नाही.

घरी आली ती पांढरीफटक. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलंय." मला सांगितलं असतं तर आधी थापेबद्दल बोलणी खावी लागली असती ना! मधूनमधून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. सहाच्या सुमाराला सोफ्यावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. मी आतल्या खोलीत मशीनवर बसले.

थोड्या वेळानं मशीन थांबवलं तर बाहेर आवाज...

कापडाचं गाठोडं फरशीवरून ओढावं तसा. सर्रर्र. मग थांबायचा. मग पुन्हा सर्रर्र.

बाहेर आले. सोफा रिकामा. पायपुसणं गोळा होऊन भिंतीला लागलेलं. आणि खार गॅलरीच्या उंबऱ्यात जमिनीवर उताणी, गाढ झोपलेली. डोकं गॅलरीकडे, टाचा माझ्याकडे. दोन्ही खांदे कानापर्यंत वर आलेले.

गॅलरीचं दार मी स्वतः लावलं होतं. ते उघडं होतं.

"अगं ए! झोपेत चालायला कधीपासून लागलीस?" मी तिला हलवलं. ती उठली, इकडं तिकडं बघितलं आणि अशी रडायला लागली की मला काही सुधरेना. मग सगळं सांगितलं. सांगता सांगता मध्येच थांबली, रिकाम्या भिंतीकडे बघून "आहे" म्हणाली आणि पुन्हा सांगायला लागली.

"कुणाला म्हणालीस?"

"तुला ऐकू नाही आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी तिचा सदरा वर करून काखा बघितल्या. दोन्ही बाजूंना बोटांचे निळे वळ. मी टेप आणला. माणसांची मापं घेण्यात माझा जन्म गेलाय. भल्या धिप्पाड पुरुषाचं बोट असतं, त्याच्या दीडपट एकेक वळ रुंद होता. जाड मोज्यातलं बोट असावं तसा.

मला आधी तिचा राग आला होता. मग रागाची जागा भीतीनं घेतली, आणि ती अजून गेलेली नाही.

हिशोब सरळ होता. दर दहा मिनिटांनी तो विचारणार. जागी असली तर ही उत्तर देणार. झोपली तर उत्तर कोण देणार? मी देऊन बघितलं. मोठ्यानं "आहे, आहे" म्हणून बघितलं. ती म्हणाली, "मावशी, तो थांबलाच नाही. त्याला तुझं नाही चालत."

मग मी मोबाईलवर दर दहा मिनिटांचा गजर लावला. ती डुलकी घ्यायची, गजर झाला की मी उठवायची, ती "आहे" म्हणायची. अशी आम्ही ती रात्र काढली. पण पन्नाशीच्या बाईचं शरीर ते. सोमवारी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, चहाचं आधण ठेवून मी खुर्चीत टेकले आणि माझाच डोळा लागला.

पाणी करपल्याच्या... नाही, पाणी आटून भांडं करपल्याच्या वासानं जाग आली. मोबाईल चार्जिंग संपून बंद.

पलंग रिकामा.

गॅलरीत...

खालच्या रस्त्यावर पेपरवाला सायकल लावत होता. लोक फिरायला निघाले होते. सगळं रोजच्यासारखं. आणि माझी भाची गॅलरीच्या कठड्यावर पाठ टेकून, कमरेपासून वर बाहेर लोंबकळत होती. डोळे मिटलेले. पाय जमिनीवरून उचललेले. खांदे कानापर्यंत ओढलेले. कुणीतरी पलीकडून, हवेतून, तिला काखेत धरून खेचत होतं.

मी तिच्या पायांना मिठी मारली. देवाशपथ सांगते, पलीकडून ओढ होती. मला, पंचाहत्तर किलोच्या बाईला, फरशीवरून सरकवणारी ओढ.

"म्हण आहे! खारे, म्हण आहे!"

"...आहे," ती झोपेतच पुटपुटली.

ओढ संपली. आम्ही दोघी गॅलरीत कोसळलो. खालचा पेपरवाला वर बघून म्हणाला, "काकू, सांभाळून हं, कठडा बुटका आहे."

दहा वाजता आम्ही प्रयोगशाळेत होतो.

लॅबकाका दाराशी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर. आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत. त्यांचं बोट रविवारच्या ओळीवर होतं.

"हे नाव तू लिहिलंस?"

खारनं मान हलवली.

"अगं, तुझ्या वहीत वाट्टेल ते लिही. इथं हे नाव... " त्यांनी पानं मागं उलटली, चार वर्षं मागं. एका ओळीवर थांबले. "हे बघ. वाच."

काम करणारा, तोच मुलगा. गोल अक्षर. आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याच्या रकान्यात काही नव्हतं.

आणि त्याच ओळीत, जोडीच्या रकान्यात, ताईचं नाव.

"मी फोन आला म्हणून बाहेर गेले होते."

आम्ही वळून पाहिलं. ताई जिन्यात उभी होती. काकांनीच तिला बोलावून घेतलं होतं. तापानं डोळे लाल, अंगाभोवती शाल.

"पाच मिनिटांसाठी म्हणून गेले, मावशी. बोलण्यात वेळ गेला. त्या दिवशी वायूच्या नळीचा जोड सुटला होता आणि भिंतीवरचा इशारा देणारा भोंगा दुरुस्तीला गेला होता. परत आले तेव्हा तो मोज्यांतच लटकत होता. हात आत अडकलेले, म्हणून खाली पडलासुद्धा नाही. मला लांबून वाटलं काम करतोय. मी विचारलंही, आहेस ना."

ती सरळ आवाजात बोलत होती. न रडता. हे तिनं मनाशी हजार वेळा सांगून झालं असणार.

"तोही तुझ्यासारखाच आला होता गं," ती खारला म्हणाली. "आठ आठवड्यांसाठी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान."

काकांनी पेन पुढे केलं. "पोरी, तू त्याला आत घेतलंस आणि एकटी निघून गेलीस. त्याची बाहेरची वेळ लिही. चुकलं म्हण. बघू सुटतंय का."

खारनं लिहिलं. "चुकलं," म्हणाली. दोन वेळा म्हणाली. आम्ही चौघं... म्हणजे आम्ही चारच जण असू, असं मी धरून चालते... भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिलो.

दहाव्या मिनिटाला खारचं अंग शहारलं.

"आहे," ती म्हणाली आणि तोंड झाकून भिंतीशी बसली.

ताईनं शाल काढून काकांकडे दिली. "जोडी बदलता येते. नियम आहे. आत काम करणारा बदलायचा असला तर नव्यानं हात घालायचे आणि मोठ्यानं सांगायचं."

"खुळी झालीस का?" काका ओरडले. "मॅडमना येऊ दे मीटिंगमधून."

"मॅडम काय करणार, काका? शिफारसपत्र देणार त्याला?"

ती खोलीत गेली. आम्ही मागोमाग दारापर्यंत. ते काळे हात पहिल्यांदाच बघितले मी. पुढे केलेले, फुगलेले.

ताई काचेशी वाकली. आत बघितलं.

"काल किती सेल केलेस गं?"

"एक. दुसरा अर्धा राहिला," खार म्हणाली.

"इथं सहा आहेत."

पेटीत एका ताटलीत सहा सेल ओळीनं मांडलेले होते. सगळे नीट दाबलेले. रात्रभर कुणी तिथं गेलं नव्हतं, काकांनी दाराची नोंद बघून सांगितलं.

ताईनं एक एक करून दोन्ही हात मोज्यांत घातले. खांद्यापर्यंत. पाठ आमच्याकडे.

"आता आत मी आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "तिला सोड. माझ्याकडे बघ."

पंपाची घरघर. घड्याळ. काकांचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होते. खारनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली.

नऊ मिनिटं.

दहा.

मी खारच्या तोंडाकडे बघत होते. तिनं कान टवकारले. थांबली. मग तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नाही. काहीच नाही.

आणि समोर, पाठमोरी, ताई अगदी हलक्या आवाजात म्हणाली...

"आहे."

टॅक्सीत बसल्या बसल्या खार झोपली. मी सतरा मिनिटं घड्याळ बघितलं. वीस बघितली. तिचा श्वास संथ, खांदे जागेवर. घरी नेऊन निजवलं आणि तिच्या पायांवर हात ठेवून दिवसभर, रात्रभर बसले. काही झालं नाही.

मंगळवारी तिनं निकाल दाखवला. त्या सहापैकी पाच सेल जगले होते, आणि असा निकाल त्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता म्हणे. ती दाखवायला तयार नव्हती. ताईनंच दाखवायला लावलं. मोठ्या मॅडमनी पत्र दिलं. पुढच्या महिन्यात खार परदेशी शिकायला जातेय.

खरं सांगायचं ते आता सांगते.

दोन महिन्यांपूर्वी मी ताईला फोन केला. आभार मानायचे राहिले होते. ती छान बोलली. खोली बदललीय म्हणाली, तळमजल्यावर घेतलीय. "बरं केलंस बाई," मी म्हणाले. मग ती खारच्या प्रवेशाबद्दल विचारत होती आणि विचारता विचारता, वाक्याच्या मधेच, फोनपासून जरा तोंड फिरवून म्हणाली,

"आहे."

आणि वाक्य पुढं पुरं केलं. जणू काही झालंच नाही.

मला विचारता आलं असतं. तू एकटी राहतेस, मग झोपतेस कधी? तुला उठवतं कोण? तिच्या खोलीबाहेर रस्ता आहे का, रस्त्यावर गाड्या असतात का, हेही ओठांवर आलं होतं. मी एकही प्रश्न विचारला नाही. "काळजी घे हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कारण मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आणि तिनं सांगितलं असतं तर मला खारला सांगावं लागलं असतं. आमची खार कशी आहे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं त्या मोज्यांत हात घातले असते.

परवा बॅग भरताना खार म्हणाली, "मावशी, ताई कशी आहे गं? माझे फोन उचलत नाही."

"मजेत आहे," मी म्हणाले. "कामात असेल."

ताईच्या घरी कोण कोण आहे मला माहीत नाही. आई असेल, एखादी मावशी असेल. त्यांना यातलं काही माहीत नसणार. त्यांचा नंबर काकांकडून मिळेल. मी अजून मागितलेला नाही.